पिशवीतले जुने रिपोर्ट

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले, त्यात क्रिएटिनिन वाढलेले निघाले, म्हणून नेत्रतज्ज्ञांनी त्यांना माझ्याकडे पाठवले होते. वय ६४, निवृत्त शिक्षिका, सोबत मुलगा. बारा वर्षांपासून मधुमेह, सहा-सात वर्षांपासून रक्तदाब. बाईंचा चेहरा थोडा रागावलेलाच होता. ‘‘डॉक्टर, माझी कंबर कधी दुखली नाही. लघवी व्यवस्थित होते. मग किडनी कशी खराब होईल? लॅबवाल्यांचीच काहीतरी चूक असेल.’’

मी जुने रिपोर्ट मागितले. शिक्षिकाच त्या. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले होते. सहा वर्षांपूर्वीचे क्रिएटिनिन ०.८. चार वर्षांपूर्वी १.०. दोन वर्षांपूर्वी १.२. आणि आता १.७. यातले पहिले तीन आकडे प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत बसत होते, त्यामुळे एकाही कागदावर लाल खूण नव्हती. पण वय आणि लिंग धरून हिशेब केला, तर त्यांच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता सुमारे ८५ वरून ६४, मग ५१ आणि आता ३३ वर आली होती. लॅबची चूक नव्हती. चूक एवढीच होती, की चार कागद एकमेकांशेजारी ठेवून कोणी पाहिलेच नव्हते.

मूत्रपिंडाचे बहुतेक जुनाट आजार असेच येतात. दुखत नाही, म्हणून उशीर होतो. ज्या तपासण्यांनी ते वेळेवर कळतात, त्या गावातल्या साध्या प्रयोगशाळेतही होतात. म्हणून या आजारांची कारणे, निदान आणि उपचार यांची माहिती घेताना ही पिशवी डोळ्यांसमोर ठेवू या.

गाळणीपेक्षा बरेच काही

बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मूत्रपिंड असते. आकार मुठीएवढा, वजन साधारण दीडशे ग्रॅम. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दिवसभरात या गाळण्यांमधून जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक सगळा शरीर परत घेते आणि उरलेला दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतो.

टाकाऊ पदार्थ बाहेर टाकणे हे यातले एक काम. शरीरातले पाणी, मीठ, पोटॅशियम आणि आम्ल यांचा तोल सांभाळणे, रक्तदाब नियंत्रित करणे, तांबड्या पेशी तयार करण्यासाठी लागणारे एरिथ्रोपोएटिन बनवणे आणि ‘ड’ जीवनसत्त्व कामाला येईल अशा रूपात आणणे हीदेखील मूत्रपिंडांचीच कामे. म्हणूनच मूत्रपिंड थकले की हिमोग्लोबिन कमी होते, हाडे ठिसूळ होतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण येतो.

निसर्गाने ही क्षमता गरजेपेक्षा बरीच जास्त दिली आहे. एक मूत्रपिंड दान केलेली माणसे व्यवस्थित जगतात, ती त्यामुळेच. पण हीच उदारता फसवी ठरते. निम्म्या गाळण्या निकामी झाल्या, तरी उरलेल्या जास्त काम ओढतात आणि माणसाला काहीच जाणवत नाही. थकवा, भूक मंदावणे, मळमळ, अंगाला खाज, पायांवर सूज, धाप ही लक्षणे दिसू लागतात, तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

सगळ्यात मोठी कारणे: साखर आणि रक्तदाब

प्रौढांमधल्या जुनाट मूत्रपिंड विकाराचे सर्वांत मोठे कारण मधुमेह, त्याखालोखाल उच्च रक्तदाब. मधुमेह असलेल्या दर दहा जणांपैकी तीन ते चार जणांना पुढे मूत्रपिंडाचा त्रास होतो. साखर सतत जास्त राहिली, की नेफ्रॉनमधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळीवर दाब वाढतो. जाळी सैल होते आणि रक्तात राहायला हवे ते अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत झिरपू लागते. सुरुवातीला ते इतके थोडे असते, की लघवी नेहमीसारखीच दिसते. पुढे तिला फेस येऊ लागतो, तोही बराच वेळ टिकणारा.

रक्तदाबाचे नाते दुहेरी आहे. वाढलेला रक्तदाब मूत्रपिंड बिघडवतो आणि बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब आणखी वाढवते. तिशी-पस्तिशीतल्या माणसाचा रक्तदाब अचानक १८० वर सापडला, तर ‘कामाचा ताण असेल’ म्हणून फक्त गोळी सुरू करणे पुरेसे नाही. मूत्रपिंडे तपासलीच पाहिजेत.

दुखणारे आजार: मुतखडा आणि जंतुसंसर्ग

याच्या अगदी उलट मुतखडा. कुशीतून जांघेकडे उतरणारी, माणसाला जागेवर बसू न देणारी कळ ज्याने अनुभवली, तो ती विसरत नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. कमी पाणी, खूप घाम, जास्त मीठ आणि घरातला पूर्वेतिहास ही त्याची मुख्य कारणे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. त्याहून मोठ्यांसाठी आकार आणि जागा पाहून बाहेरून ध्वनिलहरींनी फोडणे, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून काढणे किंवा पाठीतून छोटे छिद्र पाडून काढणे असे पर्याय आहेत.

मुतखड्यातही खरा धोका कळ थांबल्यावर सुरू होऊ शकतो. ‘दुखायचे थांबले, म्हणजे खडा पडला’ असे गृहीत धरून पुन्हा सोनोग्राफी न करणारे बरेच जण असतात. खडा कधी कधी नळीतच अडकून बसतो, कळ मंदावते आणि वर साठलेल्या लघवीने मूत्रपिंड फुगत जाते. काही महिन्यांनी पाहावे, तर ते जवळजवळ निकामी झालेले असते. खडा पडल्याची खात्री तपासणीनेच करावी. वयस्कर पुरुषांमध्ये वाढलेल्या प्रोस्टेटमुळेही अशीच अडवणूक होते. धार बारीक होणे, रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागणे याला ‘वयाचा भाग’ म्हणून सोडून देऊ नये.

खड्याच्या भीतीने दूध बंद करणारे पुष्कळ भेटतात. आहारातले कॅल्शियम उलट आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, त्यामुळे नेहमीच्या प्रमाणात दूध-दही चालू ठेवावे. कमी करायचे ते मीठ. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे आणि लिंबू-पाणी घ्यायचे तर त्यात मीठ घालू नये.

जंतुसंसर्ग स्त्रियांमध्ये जास्त आढळतो, कारण त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो. जळजळ, वारंवार लघवी एवढेच असेल, तर संसर्ग सहसा मूत्राशयापुरता असतो. पण थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे आणि उलट्या असतील, तर तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचला आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गर्भवती आणि मधुमेही व्यक्तींनी तर थांबूच नये. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा कल्चरसाठी नमुना द्यावा. दुकानातून परस्पर आणलेल्या दोन दिवसांच्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, सरावतात.

सकाळी सुजणारा चेहरा

दोन ते सहा वर्षांच्या मुलाचे डोळे सकाळी सुजलेले दिसतात, दुपारपर्यंत सूज उतरते. किडा चावला असेल, अ‍ॅलर्जी असेल, असे वाटून आठ-दहा दिवस जातात. मग पोट आणि पाय सुजतात. हा बहुधा नेफ्रॉटिक सिंड्रोम असतो. गाळण्यांतून लघवीवाटे भरपूर प्रथिन वाहून जाते. लघवीची साधी तपासणी केली, की ते लगेच कळते. बहुतेक मुले स्टिरॉइडच्या उपचाराने बरी होतात. आजार उलटू शकतो, पण वय वाढेल तसा तो बहुतेकांचा मागे पडतो. स्टिरॉइडच्या नावाला घाबरून पालक औषध मध्येच बंद करतात, तेव्हा मात्र पंचाईत होते. डोस कमी करण्याचा क्रम डॉक्टरच ठरवतील.

मोठ्यांमध्ये प्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे गाळण्यांना सूज येते. लघवी चहासारखी किंवा लालसर होणे, सूज येणे, रक्तदाब वाढणे ही त्याची चिन्हे. काही आजार आनुवंशिक असतात. मूत्रपिंडात पाण्याच्या असंख्य गाठी होणाऱ्या पॉलिसिस्टिक आजारात आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. घरात कोणाचे डायलिसिस झाले असेल, तर भावंडांनी आणि मुलांनी एकदा तरी तपासून घ्यावे.

काही ठिकाणी कारण एका माणसापुरते राहत नाही. आंध्र प्रदेशातल्या उड्डानम भागात मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या शेतकरी-मजुरांमध्ये मूत्रपिंडाचा जुनाट आजार मोठ्या प्रमाणात आहे. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांमध्येही तो दिसतो. तिथे कडक उन्हातले कष्ट आणि शरीरात पाण्याची कमतरता यांच्यावर मुख्य संशय आहे. आपल्याकडे अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाण पट्ट्यातली गावेही वर्षानुवर्षे हीच तक्रार करत आहेत. पाण्याचा नेमका वाटा किती, याचा शास्त्रीय निकाल लागायचा आहे. पण उन्हात काम करणाऱ्याला सावली, विसावा आणि स्वच्छ पाणी मिळावे, यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

अचानक बंद पडणारी मूत्रपिंडे

सगळेच आजार सावकाश येत नाहीत. तीव्र जुलाब-उलट्या, लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, डेंग्यू, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, घोणस चावणे या सगळ्यांत दोन-चार दिवसांत मूत्रपिंडे काम थांबवू शकतात. कोकणातल्या भातखाचरात किंवा मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यात पायाला जखम असताना उतरलेल्या माणसाला ताप, अंगदुखी, डोळे लाल आणि लघवी कमी असे झाले, तर लेप्टोची शंका घ्यायलाच हवी.

या प्रकारात एक गोष्ट दिलासा देणारी आहे. वेळेत उपचार मिळाले, तर मूत्रपिंडे बहुधा पुन्हा काम करू लागतात. इथे लागणारे डायलिसिस अनेकदा काही दिवसांपुरते असते. ‘एकदा डायलिसिस लावले, की कायमचे लागते’ या भीतीने नातेवाईक नकार देतात आणि वाचू शकणारा रुग्ण हातचा जातो. सर्पदंशात मांत्रिकाकडे घालवलेले दोन तास असेच महाग पडतात.

औषधेच कारण ठरतात तेव्हा

आता पुन्हा त्या बाईंकडे येऊ. रिपोर्ट पाहून झाल्यावर मी विचारले, ‘‘गुडघे दुखतात का?’’ मुलगाच बोलला, ‘‘आई गेली तीन वर्षं रोज एक पेनकिलर घेते. मेडिकलमधून आणतो आम्ही. कधी कधी दोनही होतात.’’ बाई पुटपुटल्या, ‘‘साधीच गोळी आहे ती.’’

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड या गटातल्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. धडधाकट माणसाने दोन दिवस घेतल्या तर सहसा काही बिघडत नाही. पण वय झालेले, मधुमेह आणि रक्तदाब आहे, शरीरात पाणी कमी आहे, अशा व्यक्तीने महिनोन्महिने घेतल्या, की आधीच कमकुवत झालेली मूत्रपिंडे भराभर खालावतात. त्यामानाने योग्य मात्रेतले पॅरासिटामॉल सुरक्षित. गुडघ्यांसाठी व्यायाम, शेक, वजन कमी करणे आणि लावायचे मलम हे मार्ग आधी वापरावेत.

दुसरा धोका ज्यांच्यावर घटक लिहिलेले नसतात, अशा पुड्या, काढे आणि क्रीमचा. अकोल्यात आणि केरळमधल्या मलप्पुरममध्ये गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या घटना गेल्या काही वर्षांत उघड झाल्या. क्रीम बंद केल्यावर असे अनेक रुग्ण सुधारतात, पण त्यासाठी डॉक्टरांना क्रीमबद्दल सांगायला हवे. डॉक्टर ‘काही औषधे घेता का’ असे विचारतात, तेव्हा त्यात वैदूची पुडी, जिममधली पावडर आणि पार्लरमधली डबीही आली.

निदान: दोन चाचण्या, एक उजळणी

मूत्रपिंड तपासायचे म्हणजे अनेकांना सोनोग्राफी आठवते. पण सोनोग्राफी मूत्रपिंडाचा आकार, खडा, गाठ, अडथळा दाखवते. ते काम किती करते, हे सांगत नाही. मधुमेहात तर मूत्रपिंड बरेच बिघडल्यावरही सोनोग्राफीत नेहमीच्या आकाराचे दिसू शकते. खरी माहिती दोन साध्या चाचण्यांतून मिळते.

पहिली, रक्तातले क्रिएटिनिन. स्नायूंमधून तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंड बाहेर टाकते. तो रक्तात साठू लागला, तर गाळणी मंदावली असे समजतात. पण निव्वळ आकडा दिशाभूल करतो, कारण तो स्नायूंवरही अवलंबून असतो. क्रिएटिनिन १.२ हे पंचविशीतल्या तरुणाचे असेल, तर गाळणक्षमता सुमारे ८६ येते. तेच १.२ जर ६५ वर्षांच्या बाईंचे असेल, तर ती सुमारे ५० येते. आकडा एकच, पण पहिला निरोगी आणि दुसरी रुग्ण. म्हणून प्रयोगशाळेकडून क्रिएटिनिनबरोबर ‘ईजीएफआर’ हा हिशेब मागून घ्यावा. त्यात वय आणि लिंग धरलेले असते. ९० च्या वर चांगले. ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिले, तर जुनाट मूत्रपिंड विकार. ३० च्या खाली गेले, तर मूत्रपिंडतज्ज्ञाकडे जायलाच हवे, आणि १५ च्या खाली म्हणजे शेवटचा टप्पा.

दुसरी चाचणी लघवीची. सकाळच्या नमुन्यात अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे प्रमाण मोजतात, त्याला ‘एसीआर’ म्हणतात. ते ३० च्या आत असावे. ३० ते ३०० म्हणजे धोक्याची सुरुवात आणि ३०० च्या वर म्हणजे बरीच गळती. ही चाचणी महत्त्वाची, कारण क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधी ती बोलू लागते. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा जोरदार व्यायाम यामुळेही प्रमाण तात्पुरते वाढते. म्हणून एकदा वाढलेले दिसले तर घाबरून न जाता पुन्हा तपासून खात्री करावी.

या दोन्ही चाचण्या मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, ज्यांच्या घरात मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी आणि दीर्घकाळ वेदनाशामके घेतलेल्यांनी वर्षातून एकदा कराव्यात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात तर निदान झाले त्याच वर्षापासून, कारण साखर किती वर्षे गुपचूप वाढलेली होती हे कोणालाच ठाऊक नसते.

कधी कधी बायोप्सी लागते. नाव ऐकून लोक दचकतात. जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत, बारीक सुईने मूत्रपिंडाचा अगदी छोटा तुकडा घेतात. त्याने मूत्रपिंड खराब होत नाही. उलट सूज नेमकी कशाची आहे ते कळल्याने योग्य औषध निवडता येते.

उपचार: घसरण थांबवता येते

गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत, हे खरे. पण उरलेल्या बऱ्याच वर्षे टिकवता येतात, हेही तितकेच खरे. त्यातही गेल्या काही वर्षांत परिस्थिती बरीच सुधारली आहे.

पाया जुनाच आहे. रक्तदाब शक्यतो १३०/८० च्या आत, साखर आटोक्यात, तंबाखू आणि सिगारेट बंद. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गटातली रक्तदाबाची औषधे लघवीतली प्रथिनांची गळतीही कमी करतात, म्हणून ती पहिली पसंती. त्यांच्या जोडीला आता डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे आली आहेत. मुळात ती मधुमेहासाठी बनवलेली. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या मूत्रपिंड रुग्णांमध्येही त्यांनी घसरण लक्षणीय मंदावल्याचे दिसले. आता त्यांची जेनेरिक रूपे भारतात मिळत असल्याने किंमतही आवाक्यात आली आहे.

ही औषधे सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. मूत्रपिंडावरचा दाब कमी झाल्याचा तो परिणाम असतो. वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल, तर बहुधा औषध चालू ठेवले जाते. ‘गोळीने किडनी बिघडली’ म्हणून स्वतःच ती बंद करू नये. मात्र जुलाब-उलट्या होत असतील, खाणे-पिणे बंद असेल, तेव्हा ही औषधे काही दिवस थांबवावी लागतात. आजारपणात कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे आधीच डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवावे.

आहारात सगळ्यांना लागू पडणारा सल्ला एकच, मीठ कमी. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा. पापड, लोणचे, फरसाण, खारवलेली मासळी यातले मीठही त्यातच मोजायचे. बाजारात मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंड बरेच खालावलेल्या माणसाला ते घातक ठरू शकते. तीच गोष्ट शहाळ्याची. स्टारफ्रूट, म्हणजे आपल्याकडचे कमरख, मूत्रपिंड निकामी झालेल्यांनी चाखूही नये, त्यातल्या विषारी घटकाने झटके येऊ शकतात. पण सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाने शेजाऱ्याचा आहारतक्ता आणून डाळी, फळे, भाज्या सगळे बंद करण्याची गरज नाही. त्याने फक्त अशक्तपणा येतो.

पाण्याचेही तसेच. ‘रोज पाच लिटर पाणी प्या, किडनी धुऊन निघेल’ हा गैरसमज आहे. निरोगी माणसाने तहानेप्रमाणे, उन्हात थोडे जास्त प्यावे. मुतखडा असणाऱ्याने भरपूर प्यावे. पण सूज आणि धाप असलेल्या रुग्णाला मोजूनच पाणी द्यावे लागते.

डायलिसिस आणि प्रत्यारोपण

एवढे करूनही क्षमता खूपच खाली आली, तर दोन मार्ग असतात. हिमोडायलिसिसमध्ये यंत्राने रक्त शुद्ध केले जाते, बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. पोटाच्या पोकळीत द्रव भरून घरच्या घरी करायचे पेरिटोनियल डायलिसिस हा दुसरा प्रकार. दूरच्या गावात राहणाऱ्यांना तो सोयीचा असूनही आपल्याकडे फारसा सुचवला जात नाही. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून अनेक जिल्हा रुग्णालयांत ही सोय झाली आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण दोन्ही येतात. डायलिसिस लागणार असे दिसू लागले, की हाताच्या शिरेत फिस्टुला आधीच करून घ्यावा आणि त्या हातातून रक्त काढू देऊ नये. घाईत गळ्यातल्या नळीवर केलेल्या डायलिसिसमध्ये संसर्गाचा धोका जास्त असतो.

ज्यांची प्रकृती साथ देते, त्यांच्यासाठी प्रत्यारोपण हा सर्वांत चांगला पर्याय. जगातले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण १९५४ मध्ये बोस्टन येथे जुळ्या भावांमध्ये झाले. आज रक्तगट जुळत नसतानाही प्रत्यारोपण होते आणि दोन कुटुंबांमध्ये दात्यांची अदलाबदलही कायद्याने करता येते. आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांमध्ये आई आणि पत्नी यांचीच संख्या जास्त आहे. मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समित्यांकडे नावनोंदणी असते. यादी मोठी आणि दाते थोडे, हे आजचे वास्तव. अवयवदानाबद्दल घरात आधीच बोलून ठेवले, तर कठीण प्रसंगी नातेवाईकांना निर्णय घेणे सोपे जाते.

चार कागद शेजारी ठेवा

त्या बाईंची वेदनाशामक गोळी त्याच दिवशी बंद झाली. लघवीतली गळती बरीच होती, त्यासाठी औषधे सुरू केली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे व्यवस्थित पार पडली. आता दोन वर्षे झाली, क्रिएटिनिन १.७ ते १.८ च्या आसपास टिकून आहे. गुडघे अजून दुखतात, पण खुर्चीवर बसून करायचे व्यायाम त्या नेमाने करतात. परवा तपासणीला आल्या, तेव्हा पिशवीत एक वही होती. तारीख, रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, असे रकाने आखलेले. ‘‘मुलांची गुणपत्रकं लिहायचे ना मी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘एका परीक्षेवरून मूल कसं आहे ते कळत नाही. वर्षभराचे गुण बघावे लागतात. हे तेव्हाच कळायला हवं होतं.’’

मार्चचा दुसरा गुरुवार जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. त्याची वाट पाहायला नको. आज संध्याकाळी आई-वडिलांची रिपोर्टची पिशवी काढा. गेल्या चार-पाच वर्षांचे क्रिएटिनिनचे आकडे एका ओळीत लिहा. लघवीतले अल्ब्युमिन कधी तपासलेच नसेल, तर ती जागा मोकळी ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती दाखवा.